गोळी रॅकवरून उचलताना

आष्टी, धारूर किंवा वडवणीच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला मिळणारी गोळी त्याआधी कुठल्या तरी भांडारातल्या रॅकवरून कुणीतरी उचललेली असते. केंद्राचे मागणीपत्र येते. कर्मचारी ते घेऊन रॅकमधून फिरतो आणि एकेक औषध मोजून खोक्यात भरतो. गोदामांच्या भाषेत याला ‘ऑर्डर पिकिंग’ म्हणतात. काम साधे दिसते. पण इथे झालेली चूक पुढे कुणाच्या लक्षात आली नाही, तर ती थेट रुग्णाच्या पोटात जाते.

अशी चूक निष्काळजीपणामुळेच होते असे नाही. सवयीच्या कामात डोळा प्रत्येक अक्षर वाचत नाही. रंग, आकार आणि जागा यांवरून मेंदू ओळख पटवतो आणि जे अपेक्षित असते तेच त्याला दिसते. ‘हायड्रालाझिन’ रक्तदाबाचे औषध, तर ‘हायड्रॉक्सिझिन’ ॲलर्जीच्या खाजेचे. मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडच्या १ आणि २ मिलिग्रॅमच्या पट्ट्या एकसारख्या दिसल्या तर फसगत सोपी. दुप्पट मात्रेने रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यामागे अशा चुकांचाही विचार होता.

हाताने काम करतानाही यावर उपाय आहेत. सारख्या नावांची औषधे शेजारी ठेवू नयेत. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे. भरलेले खोके दुसऱ्या माणसाने पहिल्याचे न ऐकता, स्वतः मागणीपत्राशी ताडून पाहावे. पिकिंगमधला बराच वेळ नुसता चालण्यात जातो, म्हणून जास्त खपाची औषधे दाराजवळ हवीत; पावसाळ्यात सर्पदंशावरची लसही तिथेच. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचे खोके १२ किलोंहून जड भरते. ते कमरेच्या उंचीवर ठेवले तर उचलणाऱ्याची पाठ वाचते. २ ते ८ अंश तापमानात राहणाऱ्या लसी सर्वांत शेवटी काढायच्या, कारण बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

यंत्रे हेच नियम वेगाने पाळतात. बारकोड वाचणारे यंत्र चुकीचे पाकीट लागताच इशारा देते. काही गोदामांत ज्या कप्प्यातून माल काढायचा त्यावर दिवा लागतो आणि किती नग घ्यायचे तो आकडाही दिसतो. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ‘किवा’ ही कंपनी विकत घेतली. तिचे यंत्रमानव रॅकच उचलून माणसापुढे आणतात, म्हणजे माणसाची पायपीट संपते. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. स्कॅनरला अक्षरांच्या सारखेपणाने फसता येत नाही.

पण यंत्राला कप्प्यात काय आहे ते माणसानेच सांगितलेले असते. भरताना चुकीचे औषध कप्प्यात गेले आणि त्या वेळी कोड तपासला नाही, तर दिव्याच्या भरवशावर माणूस तीच चूक प्रत्येक मागणीपत्रात न थकता करत राहील. हाताच्या पद्धतीत माल काढणाऱ्यावर जी जबाबदारी असते, ती यंत्र आल्यावर बरीचशी माल भरणाऱ्याकडे जाते. म्हणूनच यंत्र बसवलेल्या भांडारातही आलेला माल लावतानाची तपासणी आणि अधूनमधून हाताने केलेली मोजणी सुटत नाही.

या साखळीतली शेवटची तपासणी औषध घेणाऱ्याच्या हातात असते. खिडकीवरून हलण्यापूर्वी चिठ्ठीवरचे नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि मुदतीची तारीख पाकिटाशी जुळवून पाहावी. अक्षर लागत नसेल तर तिथल्या औषधनिर्मात्याला वाचून दाखवायला सांगावे. याला अर्धे मिनिट लागते, आणि भांडारापासून खिडकीपर्यंत सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली चूकही तिथे पकडता येते.