रतनगड ते हरिश्चंद्रगड : पाण्यावर आखलेली वाट

लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेची आखणी बहुतेक जण अंतरावरून करतात. सह्याद्रीत ती पाण्यावरून करावी लागते. पाण्यावरून मुक्काम ठरतो, मुक्कामावरून दिवसाची चाल आणि चालीवरून पाठीवरचं ओझं. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही अकोले तालुक्यातली जंगलवाट हे फार चांगलं शिकवते.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाणारी ही वाट दोन नद्यांची खोरी जोडते. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, तर मुळा रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यान. मध्ये आहे कात्राबाईची खिंड. खिंडीच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. कोणताही ओढा पाणलोटाच्या माथ्याजवळ नुकताच जन्मलेला असतो. त्याच्या वर पाणी धरून ठेवणारा डोंगर थोडाच उरतो, म्हणून तो सगळ्यात आधी आटतो. खिंड चढताना झरा मिळेल या भरवशावर राहू नये.

चार दिवस हाताशी असले की वाट निवांत होते. पहिल्या दिवशी रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देखणं मंदिर पाहून रतनगड चढावा. दुसऱ्या दिवशी गड उतरून जंगलातून कात्राबाई खिंड गाठावी आणि पलीकडे कुमशेतला उतरावं. तिसऱ्या दिवशी मुळेच्या खोऱ्यातून पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड. केदारेश्वराची गुहा, कोकणकडा आणि तारामती शिखर पाहून पुन्हा पाचनईत. दोन्ही गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यावं. कुमशेत आणि पाचनई या गावांत पाणी, जेवण आणि माणसं मिळतात. खरा कोरडा टप्पा दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी माणशी किमान तीन लिटर पाणी घेऊनच निघावं.

तीन लिटर म्हणजे तीन किलो. एवढं पाणी घ्यायचं, तर बाकीच्या सामानाला कात्री लागणारच. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसवावी. गावात पिठलं-भाकरी मिळत असताना चार दिवसांचा शिधा वाहू नये. एका मुक्कामाचं डाळ-तांदूळ आणि वाटेसाठी गूळ-शेंगदाणे पुरतात. हेडटॉर्च, जादा बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी आणि थंडीचे कपडे मात्र वगळू नयेत. अत्तर आणि सुगंधी फवारे घरीच ठेवावेत. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास किंवा धूर आला की माश्या उठतात.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात ओढे अडवतात आणि धुक्यात वाट दिसत नाही. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं आणि वाळल्या गवताला वणव्याचं भय असतं. पाऊस सरल्यावरही कारवीच्या रानात आणि उंच गवतात वाट हरवते. ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच मळलेल्या असतात आणि चरणीच्या जागी नेऊन सोडतात. मोबाइलमधल्या नकाशाला वाटेवर यंदा कोसळलेली दरड ठाऊक नसते, गावच्या वाटाड्याला असते. त्याला आधी कळवावं, मोबदला ठरवावा आणि पाण्याची पहिली चौकशी त्याच्याकडेच करावी. या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांकडे रानाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. त्या ज्ञानाचा मान राखूनच तिथे चालावं.

हे अभयारण्य आहे, शेकरूचं घर आहे. वनखात्याचं प्रवेशशुल्क भरावं. मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी ते विचारून घ्यावेत. टाक्यात उतरू नये, साबण लावू नये. मागून येणाऱ्याला आणि गुरांनाही तेच पाणी प्यायचं असतं. कचरा सगळाच्या सगळा खाली आणावा.

शेवटचा निर्णय घरी, कागदावर घ्यावा : कुठून परत फिरायचं? कुमशेतला गाडीरस्ता येतो, तेव्हा माघारीची जागा तीच. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला किंवा दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुमशेत गाठता आलं नाही, तर पुढचा गड सोडायचा, हे सगळ्यांनी मिळून आधीच मान्य करावं. मार्ग आणि परतीची वेळ घरच्यांकडे लिहून द्यावी. थकलेल्या क्षणी डोंगराचा मोह निर्णय घेऊ लागतो. शांत डोक्याने आधी ठरवलेली माघार त्या वेळी सोबतच्या सगळ्यांचा जीव वाचवते, आणि हरिश्चंद्रगडाची वाट पुढच्या हिवाळ्यातही मोकळीच असते.