दोघांची जिवाची मुंबई

‘जिवाची मुंबई करणे’ हा वाक्प्रचार आपण चैनीशी जोडून ठेवला आहे. भिवंडीतल्या टेमघरहून एखादे नवे जोडपे एका दिवसासाठी मुंबई बघायला निघते, तेव्हा मात्र पैशांइतकाच हिशेब तासांचाही करावा लागतो. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरला शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून थेट ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत पोचते. माणसांना अशी थेट सोय नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली रेल्वे पुढच्याच वर्षी कल्याणला आली, भिवंडी मात्र खाडीपलीकडे राहिली. नंतर वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्थानक झाले, पण तो मार्ग बोरीबंदरला जात नाही. म्हणजे आधी रिक्षाने किंवा बसने कल्याण, तिथून सुमारे ५४ किलोमीटर लोकल. जाऊन-येऊन चार तास धरावेच लागतात, आणि सुट्टी रविवारची असेल तर मेगाब्लॉकचे वेगळे. उरलेल्या दिवसात राणीची बाग, महालक्ष्मी, हँगिंग गार्डन, गेटवे, चौपाटी असे सगळे कोंबायचे ही मुंबई दर्शनाची रूढ पद्धत अशा जोडप्यासाठी चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यांनी एकच ठिकाण धरावे, फार तर दोन, आणि बाकीचा वेळ एकमेकांसाठी ठेवावा.

कारण त्यांना मुंबईकडून जे हवे असते ते बहुधा प्रेक्षणीय स्थळ नसतेच. यंत्रमागांच्या वस्तीत एका खोलीत तीन पिढ्या नांदतात, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट असतो, आणि नव्या सुनेला नवऱ्याशी चार वाक्ये सलग बोलायची तर घरातले झोपण्याची वाट पाहावी लागते. ही अडचण नवी नाही. १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा सारा पेच चाळीतल्या नवदांपत्याला एकांत न मिळण्यावरच उभा होता, आणि दोन वर्षांत तो ‘पिया का घर’ म्हणून हिंदीतही गेला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तिकीट न काढता हवा तेवढा वेळ बसता येते. पाठीमागे मोटारींचा लोंढा, समोर पाणी, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तुमच्यात काडीचाही रस नाही. गर्दीतला हा एकांत घराने दिलेला नसतो; तो शहराकडून घ्यावा लागतो.

गेटवेचा जन्म खुद्द एका जोडप्याच्या धावत्या भेटीतून झाला. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ साली झाली आणि जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली वास्तू ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. त्या कमानीपाशी फोटो काढून परतण्यापेक्षा तिथूनच लाँच धरावी. घारापुरीला जायला साधारण तास लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे. तिथल्या सदाशिवाच्या त्रिमूर्तीपुढे सगळेच थांबतात, पण या दोघांनी कल्याणसुंदर शिल्पापाशी रेंगाळावे. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, आपल्याकडे लग्नविधीत वधू असते तशी. मान किंचित झुकलेली; हात बरेचसे भंगलेले, तरी ती लाज अजून दगडात शाबूत आहे. शिव-पार्वतीच्या सारिपाटाचेही शिल्प इथेच आहे, आणि त्यात पार्वती रुसून तोंड फिरवून बसली आहे असे अभ्यासक मानतात. लग्न आणि रुसवा, दोन्ही एकाच लेण्यात कोरलेले. सकाळी निघालेल्या जोडप्याचा अर्धा दिवस इथे सहज जातो, आणि तो सत्कारणी लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, एकांतच हवा तर एवढी तंगडतोड कशाला. वज्रेश्वरी आहे, लोनाडची लेणी आहेत, कल्याणला दुर्गाडी आहे. ही ठिकाणे सुंदर आहेत, पण तिथे मावशी, मेहुणा, गल्लीतला दुकानदार यांपैकी कुणीतरी हटकून भेटतो. वज्रेश्वरीला तर सहकुटुंबच जायचे असते. ओळखीच्या नजरेपासून लांब जाणे हाच जिथे सहलीचा अर्धा हेतू, तिथे जवळीक हा गुण ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: एवढा खर्च करून जायचे आणि राणीची बागही पाहायची नाही? घरी परतल्यावर सासूबाई, जावा विचारणार, काय काय पाहिलंत, आणि यादी तोकडी पडली तर पैसे वाया गेले असे ठरणार. या दडपणाला मी कमी लेखत नाही. पण बसच्या खिडकीतून ओझरत्या दिसलेल्या आठ जागांपेक्षा लाँचच्या कडेला दोघांनी खाल्लेले भाजलेले कणीस जास्त काळ लक्षात राहते, आणि आठ जागा बघायला पुढचा उन्हाळा आहे, तेव्हा सासूबाईंनाही बरोबर नेता येईल.

खरी अडचण संध्याकाळची आहे. डिसेंबरात मरीन ड्राइव्हवर सूर्य सहानंतर लगेच बुडतो, आणि कामाच्या दिवशी कल्याणच्या गाड्या तेव्हाच सगळ्यांत जास्त भरलेल्या असतात. म्हणून बरीच जोडपी चारलाच काढता पाय घेतात आणि ज्यासाठी आली तेच पाहत नाहीत. त्यांनी गर्दी ओसरेपर्यंत, नऊपर्यंत थांबावे. पण मग कल्याणहून टेमघरला रात्री रिक्षा मिळेल का, कितीला मिळेल, ही धास्ती असते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात टेमघरचे स्थानक आहे. ते सुरू होईल तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ ठरवणाऱ्यांनी गिरण्या-कार्यालयांच्या पाळ्यांबरोबर या दोघांचाही विचार करावा: कल्याणला साडेदहाला उतरलेल्या, बुटांत वाळू घेऊन आलेल्या माणसांचा.