गोंडांचें नांव आणि दक्षिण ध्रुव

स्कॉट नामक इंग्रज दर्यावर्दी १९१२ सालच्या जानेवारींत दक्षिण ध्रुवावर पोंचला आणि परत येतांना चार सोबत्यांसह मरण पावला, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांनीं कोठें ना कोठें वाचली असेल. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत शोध करणाऱ्यांस त्याचा तंबू सांपडला, तेव्हां त्या सामानांत सुमारें ३५ पौंड वजनाचे दगड निघाले. अंगांत त्राण नाहीं, पोटांत अन्न नाहीं, आणि तरीही हें ओझें त्यांनीं टाकिलें नाहीं. कारण त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या एका नामशेष झाडाच्या, जिभेसारख्या लांबट पानांचे ठसे होते. याच जातकुळीचीं पानें आमच्या कामठीच्या दगडांतही आहेत. ध्रुवाची गोष्ट सांगणारे नागपुरांत पुष्कळ भेटतील. कामठीची सांगणारा दहांत एक तरी निघेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

कामठीच्या या पानांकडे डोळे उघडून पाहणारांत स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री अग्रेसर होता. तो १८४५ सालीं नागपुरास आला तो धर्मप्रसारासाठीं. त्या हेतूशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु संध्याकाळीं फिरावयास निघालेला मनुष्य पायांखालचा दगड उचलतो, फोडतो, आंतील शिंपल्याकडे व पानाकडे पाहून विचारांत पडतो, हा गुण ज्याच्या अंगीं असेल त्याचा आहे. १८५१ सालीं टाकळीजवळ त्यास जीवाश्म सांपडले. १८५५ सालीं नागपूरच्या भूस्तरांवरील त्याचा व त्याचा सहकारी हंटर याचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. टाकळघाटची जुनीं शिलावर्तुळें पाहून परत येतांना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्रीं बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यांत तो बुडाला. त्यानें जमविलेलीं गोंडांचीं गाणीं व टिपणें तीन वर्षांनीं चीफ कमिशनर टेंपल यांनीं छापून काढिलीं. म्हणजे एकाच मनुष्याच्या कागदपत्रांत दगडही होते आणि गोंडांची वाणीही होती.

पुढें या दोहोंची जी गांठ पडली ती मोठी चमत्कारिक आहे. १८७२ च्या सुमारास मेडलिकॉट या भूस्तरशास्त्रज्ञानें मध्यहिंदुस्थानांतील कोळसा व ग्लॉसॉप्टेरिस असलेल्या थरांस ‘गोंडवन’ हें नांव दिलें. कारण ते थर गोंड राजांच्या जुन्या मुलखांत होते. हेच थर आफ्रिकेंत व ऑस्ट्रेलियांतही आढळूं लागले. तेव्हां व्हिएन्नाचा पंडित स्यूस यानें १८८५ सालीं, हे सर्व प्रदेश एकेकाळीं जोडलेले असले पाहिजेत असें अनुमान करून त्या प्राचीन भूमीस ‘गोंडवानालँड’ म्हटलें. (‘वन’ शब्दांतच मुलूख आलेला असतां त्यापुढें ‘लँड’ लाविणें म्हणजे ‘गाईचें गोमूत्र’ म्हणण्यापैकींच आहे, पण पंडितांस कोणी सांगावें?) मधली जमीन समुद्रांत बुडाली, असा स्यूसचा तर्क होता. १९१२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर म्हणाला कीं, बुडालें कांहीं नाहीं, खंडच एकमेकांपासून सरकत दूर गेले. त्याची बरीच टवाळी झाली. १९६० नंतरच्या दशकांत समुद्रतळाची पाहणी झाली, तेव्हां सरकण्याची कल्पनाच खरी ठरली. हिंदुस्थान आफ्रिका व अंटार्क्टिका यांपासून सुटून उत्तरेकडे आला आणि सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं आशियास जाऊन भिडला. हिमालय त्या धडकेचें फळ होय.

याहूनही नवल चांद्याचें आहे. वैशाखांत जेथें पांखरूं झाडावरून पडतें, त्या चांद्याजवळ इराई गांवीं १८७५ सालीं फेडन नामक भूशास्त्रज्ञानें चुनखडीच्या खडकावर हिमनदीनें ओढलेले ओरखडे दाखवून दिले. सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वीं हा मुलूख दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता आणि त्यावर बर्फ चालत होतें. बर्फ हटल्यावर दलदलींत ग्लॉसॉप्टेरिसचीं रानें माजलीं. तींच गाडलीं जाऊन आमचा दगडी कोळसा झाला. उमरेडच्या वा बल्लारपूरच्या कोळशाचा भाव पाहणाऱ्या व्यापाऱ्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, तो ज्या मालाचा हिशेब मांडतो तो त्याच पानांचा आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. एखाद्या पेढीची छाप दुसऱ्यानें आपल्या डब्यावर मारली, तर मालक दुसऱ्याच दिवशीं वकिलाच्या दारांत उभा राहतो. असले मालक आम्हीं पाहिले आहेत. येथें एका जमातीचें नांव जगांतील प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकांत गेलें, आणि ती जमात मात्र आपल्याच शहरांत परकी राहिली. हें नागपूर वसविणारा देवगडचा बख्त बुलंद गोंड राजा होता, हें आम्हीं भाषणांत सांगतों आणि गोंड मनुष्य दुकानाच्या पायरीवर आला कीं एकेरी हांक मारतों. २०११ च्या खानेसुमारींत गोंडी बोलणारांची संख्या सुमारें तीस लाख भरली; तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत त्या भाषेस जागा मिळालेली नाहीं.

कोणी म्हणेल कीं, कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या दगडाशीं गोंडांचा संबंध काय? संबंध कांहीं नाहीं, हें आम्हीं आधींच कबूल करितों. तेव्हां मनुष्यच नव्हता. नांव केवळ मुलखावरून पडलें. ‘आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें’ अशी फुशारकी मारणारे निघतील, त्यांच्या वाटेस आम्ही जाणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, ज्याचें नांव उसनें घेतलें त्याच्या मुलास तें कोठें व कां गेलें हें त्याच्या भाषेंत कळावें. गडचिरोलीच्या विद्यापीठास २०११ सालीं ‘गोंडवाना’ नांव मिळालें, हें योग्य झालें. परंतु पाटी मोठ्या दारावर लागली म्हणजे धडा वर्गांत पोंचला असें होत नाहीं.

नागपूरच्या अजब बंगल्यांत १८६३ पासून लोक नवल पाहावयास जात आले आहेत. शाळांनीं मुलांस तेथें न्यावें, आणि परततांना एक दिवस कामठीकडेही न्यावें. अशा प्रत्येक ठिकाणीं पानाच्या ठशाखालीं मराठीबरोबर गोंडींतही चार ओळी असाव्यात. त्या एखाद्या गोंड शिक्षकानेंच लिहाव्यात, आणि त्याबद्दल त्यास रीतसर मोबदला द्यावा. पाट्यांचा खर्च इतवारीतील कोळशाची एखादी पेढी सहज उचलूं शकेल.