विहिरीतला दम

वसमत तालुका, मे महिना, सकाळची वेळ. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला पाणी सुटलंय, त्यामुळे शेजारच्या या दगडी विहिरीत पोहण्याजोगं पाणी आहे. बांधापलीकडे उकडलेली हळद वाळत पडलीय, तिचा वास इथवर येतोय. लहानगे कमरेला रिकामे कॅन बांधून पायऱ्यांपाशी पाय झाडतायत.

माझी नजर मात्र तिघांच्या श्वासावर आहे.

साठी ओलांडलेले आबा कडेकडेने फेऱ्या मारतायत. पाणी वाजतसुद्धा नाही. अशा बेताच्या चालीत दोन-तीन मिनिटांत ऑक्सिजनचा खप एका पातळीवर येतो आणि तिथेच राहतो. म्हणूनच पोहता पोहता काठावरच्या माणसाला ते विचारतात, "फ्यूज टाकला का रे?"

पुतण्या कॉलेजात आहे; त्याच फेऱ्या तो ताणून मारतोय. आधी चार हात मारून एकदा तोंड बाहेर काढत होता, आता दर दोन हातांना काढतोय. वेग तोच, तरी ऑक्सिजनचा खप हळूहळू चढतोच आहे. बहुधा दमत आलेल्या स्नायूतंतूंच्या मदतीला जास्त खर्चिक तंतू उतरतात. धावणारा वाटेल तेव्हा श्वास घेतो. याला हात फिरेल तेव्हाच घ्यावा लागतो.

तेवढ्यात बारा-तेरा वर्षांचं एक पोरगं पैजेवर सूर मारतं. समोरच्या भिंतीपर्यंत सगळी झटापट, तोंड एकदाही वर नाही. मोटारीचा पाईप धरतं आणि मग धापतं. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात, नाकपुड्या फुललेल्या, बोलायला जातं तर शब्द अर्धाच निघतो.

पोहून झाल्यावर धाप, हेच मला फार आवडतं. मोटार चालू केली तरी पाणी पाटाने शेवटच्या सरीला पोचायला वेळ लागतो, तसंच हे. ऑक्सिजनचा खप पुरता वाढायच्या आत भिंत आली. तोवरचं बरंचसं काम स्नायूंनी आपल्या साठ्यावर उरकलं. नंतरच्या या जादा खपाला ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात 'ऑक्सिजनचं ऋण' म्हटलं. पुढे कळलं, की सगळी धाप काही त्या फेडीची नसते. तापलेलं शरीर आणि धडधडतं काळीजही आपला वाटा मागतात.

"घाई केली की पाणी आडवं येतंय, लेकरा," आबा म्हणतात. खरंच आहे. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट.

पोराला ते पटलेलं दिसत नाही. "अजून एक डाव!" म्हणत ते पुन्हा पायऱ्या चढतं. स्नायूंतलं रक्त आता खेळतं झालंय, या खेपेला ऑक्सिजनचा खप जरा लवकर चढेल. पण भिंत तेवढ्याच अंतरावर आहे, आणि पुतण्याही आता पैजेत उतरतोय.