काजळी रक्तात उतरते तेव्हा

तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं धरून काजळ पाडण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. भांड्याला चिकटणाऱ्या त्या काजळीत कार्बनचे नॅनोकण असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे ७० नॅनोमीटरचा कण तिच्या शंभराव्या हिश्शाएवढा.

विजेच्या चापातून (आर्क) तयार झालेल्या काजळीत २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना चमकणारे कण अवचित सापडले. हे ‘कार्बन डॉट’ औषध वाहून नेतील, रोगट पेशी उजळून दाखवतील, अशी आशा आहे. पण आधी रक्ताची परीक्षा. धुतलेल्या तांबड्या पेशींत कण मिसळून ते मिश्रण शरीराच्या तापमानाला ठेवतात, मग यंत्रात गरगर फिरवतात. पेशी फुटल्या असतील, तर वरचं पाणी लाल होतं. रूढ मानकानुसार फुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं. ५ टक्क्यांच्या वर गेलं, की कण रक्ताला घातक ठरतो.

एवढ्यानं भागत नाही. २००५ मधल्या एका प्रयोगात कार्बनच्या नॅनोनळ्यांमुळे मानवी रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटल्या. चेंडूसारख्या फुलरीनमुळे मात्र नाही. दोन्ही कार्बनच, फरक घडणीचा. शिवाय रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचं आवरण चढतं आणि शरीर त्या आवरणावरून त्याला ओळखतं. सहा नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून बाहेर पडू शकतात. मोठे बहुधा यकृतात आणि प्लीहेत अडकतात. म्हणून ‘कार्बन सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. आकार किती, घडण कशी, मात्रा केवढी, मुक्काम किती दिवसांचा, हे विचारायला हवं.

आणि हे प्रश्न प्रयोगशाळेपुरते नाहीत. जालन्यातल्या मस्तगडाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या डिझेल वाहनाच्या धुरातही हेच कुळ आहे. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना काळ्या कार्बनचे कण गर्भवतींच्या वारेत, बाळाकडच्या बाजूलाही, आढळले. देशात ज्या शहरांची हवा ठरलेल्या मापात बसत नाही, त्यांच्या यादीत जालन्याचं नाव आहे.

औषधाच्या कणाला रक्तात शिरण्याआधी इतक्या परीक्षा द्याव्या लागतात. धुरातला कण एकही न देता, श्वासाबरोबर आत येतो. त्याची परीक्षा नळीच्या तोंडाशीच घ्यावी लागेल: वाहनाच्या, धुराड्याच्या आणि दारात पेटवलेल्या कचऱ्याच्या ढिगापाशीही.