गुडघेदुखी : लक्षणे ओळखा, वेळीच उपचार घ्या

मुर्री परिसरात धानाचे पऱ्हे काढताना उकिडवे बसावे लागते, तर रोवणीत चिखलातून मागे सरकावे लागते. गुडघ्यावर ताण येतो. मात्र प्रत्येक दुखणे थकव्याचे नसते. शेतकरी बंधू-भगिनींनी पुढील लक्षणांवरून फरक ओळखावा.

१) सांध्याची झीज : साधारणतः वयाच्या ४५ ते ५० वर्षांनंतर. उठताना, पायऱ्या चढताना दुखते, करकर वाजते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो.

२) आमवात : दोन्ही गुडघे व बोटांचे सांधे सुजतात. ताठरपणा तासाहून अधिक टिकतो.

३) इजा : पाय मुरगळल्यानंतर गुडघा सुजतो, अडकतो किंवा चालताना दगा देतो.

४) सिकलसेल : पूर्व विदर्भात आढळणारा आनुवंशिक आजार. मुलांचे व तरुणांचे हात-पाय, सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळसर दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

५) जंतुसंसर्ग : गुडघा लाल, गरम होतो, ताप येतो, पाय टेकवत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंडास अपाय होतो. पऱ्हे काढताना बसायला पाट घ्यावा व अधूनमधून उभे राहून पाय मोकळे करावेत.