परदेशातली शाळा, लेखांक ५ : आधी कागदावरचं नाव, सगळ्यात शेवटी राजीनामा

मागच्या आठवड्यात आपण मुलाखतीपर्यंत आलो होतो. आता ऑफर लेटर आलं आहे असं धरून चालू. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, चनकापुरात, सिल्लेवाड्याच्या खाणकामगारांच्या घरांत अशी बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेली असते. पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन राजीनामा देण्याची घाई सुरू होते. ही घाई करू नका, एवढंच सांगण्यासाठी मी आजचा लेखांक लिहितो आहे. ऑफर लेटरवरून शाळेची इच्छा कळते. नोकरी पक्की होते ती त्या देशाने कामाचा प्रवेश परवाना दिल्यावर, आणि तो परवाना तुमच्या कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून असतो. मधला काळ सुरळीत गेला तरी दोन-तीन महिन्यांचा असतो. कागदांवरची नावं जुळत नसतील तर तो किती लांबेल याचा नेम नाही.

म्हणून नावापासूनच सुरुवात करू.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव आणि वेगळ्या ओळीत आईचं नाव असतं. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, एक दिलेल्या नावाचा आणि दुसरा आडनावाचा. वडिलांचं नाव कोणी पहिल्या रकान्यात घालतं, कोणी गाळतं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात लिहिलेले पासपोर्टही आपल्याकडे निघाले आहेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये भेटीच्या व्हिसासाठी एकेरी नावाच्या पासपोर्टवर बंधनं घातली, तेव्हा अशा लोकांची मोठीच पंचाईत झाली. त्यात स्पेलिंगचा घोळ वेगळा. एकाच घरात वानखेडे आणि वानखडे असतात, ज्ञानेश्वर हे नाव एका कागदावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. इथे शाळेत कोणी विचारत नाही. दूतावासाच्या खिडकीवर मात्र एका अक्षराच्या फरकाने माणूस दुसरा ठरतो.

बायकांच्या बाबतीत हा त्रास कितीतरी जास्त आहे, आणि आपल्या भागातून अशा नोकऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्यांत शिक्षिका बऱ्याच असतात. बी.एस्सी. माहेरच्या नावाने, बी.एड. लग्नानंतर सासरच्या नावाने, अनुभवाचा दाखला तिसऱ्याच पद्धतीने, असे कागद घेऊन बाई निघतात. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून निघायचा आहे त्यांनी तो दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळणाऱ्या नावानेच काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सासरी कोणाला ते रुचत नसेल तर त्यांना समजावून सांगावं, कारण पुढे प्रत्येक कागदाला जोडपत्र लावत फिरण्याचा त्रास त्या बाईलाच होणार असतो.

नाव आधीच बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. लग्नपत्रिका, हॉलची पावती, फोटो यांनी काम भागत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद करता येते. गावात ती ग्रामपंचायतीत होते, आणि लग्नाला बरीच वर्षं झाली असली तरी विलंब शुल्क भरून करता येते. पहिलं नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. एखाद्या अक्षराच्या फरकासाठी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालतं, पण ते चालेल का हे आधी त्या शाळेला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नाव जुळलं की पदवीची पडताळणी. ज्या राज्यातली पदवी, त्या राज्यातूनच तिची सुरुवात होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची पदवी असेल तर विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. छिंदवाडा आपल्याला जवळ असल्यामुळे काहींनी बी.एड. मध्य प्रदेशातून केलेलं असतं. त्यांचा तो कागद भोपाळच्या वाटेने जातो, हे लक्षात ठेवून वेळेचा हिशेब करावा. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फत घेतं.

पुढचा टप्पा देशावर ठरतो. १९६१ च्या हेग करारात जे देश आहेत तिथे बहुतेक ठिकाणी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल हा एक शिक्का पुरतो. भारत २००५ मध्ये या करारात आला. ओमान आणि बहरीन त्यात आहेत, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून आहे आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून. अमिराती, कतार आणि कुवेत मात्र या करारात नाहीत. तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो आणि पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचाही. दुबईला निघालेल्या शिक्षिकेने सौदीला गेलेल्या मैत्रिणीचं पाहून अपोस्टिल करून घेतला, तर पैसे वाया आणि आठवडेही वाया.

इथे एक कळकळीची सूचना. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. आपल्या घरांत पदवी मिळाली की आधी ती प्लास्टिकमध्ये बंद करून येतात. जपून ठेवण्याच्या भावनेनेच करतात, पण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही आणि शाईची सहीही होत नाही. प्लास्टिक काढायला गेलं तर कागद फाटतो. मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. ज्यांची प्रमाणपत्रं आधीच प्लास्टिकमध्ये गेली आहेत त्यांनी दुय्यम प्रतीचा अर्ज आजच करावा, ऑफर लेटरची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट शिकण्याच्या पद्धतीची. विदर्भात नोकरी सांभाळून ‘प्रायव्हेट’ एम.ए. केलेले शिक्षक पुष्कळ आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकलेलेही आहेत. इथे त्या पदव्यांना पूर्ण मान आहे आणि त्या मेहनतीने मिळवलेल्या आहेत. पण आखातातल्या काही देशांत पदवीची समकक्षता ठरवताना वर्गात बसून शिकलात का, कुठे शिकलात, परीक्षा कुठे दिलीत, असं विद्यापीठालाच विचारतात. तुमची मूळ पदवी नियमित असेल आणि एम.ए. बाहेरून असेल, तर अर्जात मूळ पदवी आणि बी.एड. पुढे ठेवा. बाहेरून केलेली पदवी लपवू मात्र नका.

इंग्लंडची वाट थोडी वेगळी आहे. तिथल्या सरकारने २०२३ पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा मागण्याची सोय केली, पण ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती. त्यामुळे आपल्याकडच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी फक्त आखाताकडेच पाहावं असं नाही. अमेरिकेतल्या मराठी शाळांविषयीही पत्रं येतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आणि स्थानिक मंडळांच्या त्या शाळा शनिवार-रविवारी भरतात आणि तिथे राहणारे पालकच त्या हौसेने चालवतात. त्यांच्या जोरावर नोकरीचा व्हिसा मिळत नाही.

पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. आपल्याला मानकापूरचं केंद्र जवळ पडतं. तो फार आधी काढू नये, कारण बहुतेक ठिकाणी काही महिन्यांपेक्षा जुना दाखला घेत नाहीत. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. लहानपणी क्षयरोग होऊन बरा झालेल्यांच्या फुप्फुसावर जुनी खूण राहते, आणि तेवढ्यावरून आखातातले देश माणसाला परत पाठवू शकतात. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी आपला एक्स-रे स्वतः काढून आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावा.

आता एजंट. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परवाना असलेला एजंट तुमच्याकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. परवाना खरा आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. इथे शिक्षकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. दहावी न झालेला मजूर आखातात निघतो तेव्हा सरकार त्याचा करार तपासून मंजुरी देतं, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा त्याच्यासाठी सक्तीचा असतो. दहावी झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही. म्हणजे शिकलेल्या माणसाचा करार त्याच्या वतीने कोणी वाचत नाही, तो त्यानेच वाचायचा असतो. आणि ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

करारात एकूण पगारापेक्षा मूळ वेतन किती ते बघा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार किमान एक वर्ष नोकरी झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. समजा एकूण पगार ४००० दिरहम आहे. मूळ वेतन २००० दाखवलं असेल तर वर्षाला १४०० दिरहम जमा होतील आणि ३००० असेल तर २१००. परिविक्षा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, भरतीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही आणि तुमचा पासपोर्ट शाळा ठेवून घेऊ शकत नाही. ऑफर लेटरमधले आकडे आणि तिथल्या मंत्रालयात नोंदवलेल्या करारातले आकडे एकच असायला हवेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीने वाचा.

आणि आता राजीनामा. खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला १९८१ च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची सूचना द्यावी लागते. अडचण इथेच येते. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि परवाना येता येता मार्च उजाडतो. परवान्याची वाट पाहिली तर सूचनेचे तीन महिने बसत नाहीत, आधी सूचना दिली तर परवाना अडकल्यावर दोन्हीकडून हात रिकामे. यातून वाट आहे. सूचनेचा जेवढा काळ कमी पडतो तेवढा पगार भरून व्यवस्थापनाच्या परवानगीने लवकर मोकळं होता येतं. ती रक्कम आधीपासून बाजूला काढून ठेवा, कारण विमानाच्या तिकिटाइतकाच तो प्रवासाचा खर्च आहे. मुख्याध्यापकांना मात्र हिवाळ्यातच विश्वासात घ्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर वर्ग सोडून गेलेल्या शिक्षकाला अनुभवाचा दाखला प्रेमाने कोण देईल? आणि मुलांचं काय? राजीनामा दोन प्रतींत लिहून, सही-तारीख करून एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी, असं कायदाच सांगतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा प्रश्न रजेचा असतो. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायचं होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न सोलापूर जिल्हा परिषदेत अडकला, राज्यभर चर्चा झाली आणि शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर सुटला. आपल्या अर्जाकडे मंत्री बघणार नाहीत. म्हणून रजेचा अर्ज, ना हरकत प्रमाणपत्र आणि पासपोर्टसाठी दिलेली पूर्वसूचना यांची पोच घेऊन ठेवा, आणि लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

बँकेचं आणि घरचं थोडक्यात. परदेशात नोकरीला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच वापरत राहता येत नाही, ते अनिवासी म्हणजे एनआरओ करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. प्लॉट, घरकर्ज, शेतीचे कागद यांसाठी घरातल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच करा. तिथे गेल्यावर त्यासाठी भारतीय वाणिज्य दूतावासात खेपा घालाव्या लागतात.

सामानात आई डबे भरून देणारच. त्यातली खसखस बाहेर काढा. अमिराती, सौदी, कतार आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे, आणि ती अनारशांवर असते, घरच्या सावजी मसाल्यातही दळलेली असते. मसाला न्यायचा असेल तर खसखस न घालता वेगळा दळून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या त्या देशाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय नेऊ नका. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा.

पुढच्या आठवड्यात तिथल्या पहिल्या महिन्याविषयी : घरभाड्याचे चेक, ओळखपत्र, आणि बरोबर नेलेल्या मुलांचा शाळाप्रवेश. शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत देणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत, पण ती सवलत किती मुलांना आणि कितव्या महिन्यापासून, हे करारावर सही करण्याआधीच लिहून घ्यायला हवं. त्यामुळे ज्यांची सही याच आठवड्यात व्हायची आहे त्यांनी पुढच्या लेखांकाची वाट न पाहता शाळेला आजच विचारून घ्यावं.